लिम्फोमाच्या पेशंटला लकवा, फेफरं किंवा भ्रम सुरू झाला तर घरच्यांनी काय काय करायचं

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, म्हणलं की मान-काख-जांघेतल्या गाठी, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि मग केमो, एवढं आता आपल्याकडं खेडोपाडी पण माहीत झालंय. पण याच आजारात कधीमधी मेंदूच्या रक्तवाहिन्या सापडतात. कुठं गुठळी होते, कुठं वाहिनीच्या भिंतीलाच सूज येते, आणि एक प्रकार तर असा आहे की कॅन्सरच्या पेशी गाठ-बिठ काही न करता बारीक वाहिन्यांच्या आतच वाढत बसतात. हे सगळं दुर्मिळ आहे, लिम्फोमाच्या बहुतेक पेशंटला यातलं काहीच होत नाही. पण ज्या घरात होतं त्या घराचे महिने नुसते इकडून तिकडं फिरण्यात जातात हे मी पेशंटच्या नातेवाइकांसोबत काम करताना सारखं बघतो.

फिरण्याचं कारण साधं आहे. गाठीची फाईल कॅन्सरच्या डॉक्टरकडं, लकव्याची फाईल न्यूरोकडं, आणि दोन्ही फाईली एकाच टेबलावर कधी येतच नाहीत. न्यूरोवाल्यांना पाव्हणे सांगतात "हातपाय गळाले", केमोचं सांगतच नाहीत, कारण त्यांना वाटतं तो आजार वेगळा हा वेगळा. त्यामुळे या लेखातली निम्मी कामं औषधाची नाहीतच, योग्य माणसाला योग्य वेळी योग्य गोष्ट सांगायची आहेत.

पहिलं काम: अचानक झालं असेल तर घड्याळ बघा

तोंड वाकडं, एक हात किंवा पाय गळणं, जीभ जड, "मामा बोलायलेत पण काय बोलायलेत ते कळंना" अशी अवस्था, एकाएकी दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, फेफरं येणं. यातलं काहीही झालं की पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. लकवा कधी दिसला ती वेळ नाही, शेवटचं नीट कधी बोलले-चालले ती वेळ. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तो हिशोब याच वेळेपासून धरतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढायची सोय असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही प्रयत्न होतो, पण ती सोय मोठ्या शहरातच.

१०८ ला फोन करा, आणि गाडीत बसल्यावर जिथं जायचंय तिथं एक फोन करून विचारा की सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि रात्री रिपोर्ट करणारं कुणी आहे का. तालुक्याच्या गावात मशीन असतं पण बंद असतं, तिथं दोन तास गेले की संपलं. "वारं गेलंय" म्हणून आधी झाडपाल्याच्या औषधाला नेणं आणि मग दवाखाना, हा क्रम कृपा करून सोडा.

फेफरं चालू असेल तर पेशंटला एका कुशीवर करा, तोंडात चमचा-रुमाल काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. गिळताना ठसका लागत असेल तर पाणी पण पाजू नका, छातीत जातं. शुगर बघायचं मशीन घरात असेल तर लगेच बघा, शुगर खाली गेली की लकव्यासारखंच दिसतं.

कॅज्युअल्टीत गेल्या-गेल्या न विचारता सांगायच्या गोष्टी: लिम्फोमा आहे, कोणता प्रकार, शेवटची केमो कोणत्या तारखेला, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शन दिलं होतं का, शेवटच्या प्लेटलेट किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा देत नाहीत, उलटा डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ही माहिती घरच्या एकाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून कायम ठेवा. इब्रुटिनिबच्या गोळ्या चालू असतील तर ते पण सांगा, तिनं हृदयाचे ठोके बिघडून गुठळी होऊ शकते आणि रक्तस्रावाचाही धोका वाढतो.

दुसरं काम: नेमकं काय झालंय याचे पर्याय माहीत असू द्या

लकवा एकच दिसतो, कारणं डझनभर. निदान डॉक्टर करतील, पण तुम्हाला पर्याय माहीत असले तर तुम्ही नेमकी माहिती पुरवू शकता.

डोक्यातल्या शिरेत गुठळी. हा शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीचा नाही, रक्त परत आणणाऱ्या शिरेचा प्रकार. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात, जो बहुतेक लहान मुलं आणि तरुणांत असतो, अस्पॅराजिनेज नावाचं इंजेक्शन देतात त्यानं रक्त गोठण्याचा तोल बिघडतो. त्यात परभणी-नांदेडचा मे महिना, उलट्या-जुलाब, पाणी कमी पोटात, मग धोका अजून वाढतो. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणं, फेफरं असं येतं. यात साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो, शिरांचा वेगळा स्कॅन, एमआर व्हेनोग्राफी, लागतो. इथं नातेवाईक एका गोष्टीवर अडून बसतात: "डोक्यात थोडं रक्त साकळलंय म्हणता आणि वरून रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?" हो, देतात. शीर तुंबल्यामुळं ते रक्त झिरपलेलं असतं, तुंबलेलं मोकळं झालं तरच ते थांबतं. सही करायला दोन दिवस लावू नका.

बीपी चढून मेंदूला सूज. काही केमोमुळे किंवा किडनी बिघडल्यामुळे बीपी एकदम चढतं, डोकं दुखतं, डोळ्यापुढं अंधार, फेफरं. याला डॉक्टर प्रेस म्हणतात. एमआरआयमध्ये बहुतेकदा मेंदूच्या मागच्या भागात सूज दिसते आणि वेळेत बीपी आटोक्यात आणलं, कारण काढलं तर बहुतेक जण पूर्ववत होतात. घरी एकावर एक बीपीच्या गोळ्या देऊन बीपी धाडकन खाली आणायचा उद्योग मात्र करू नका.

मेथोट्रेक्सेटनंतरचा तात्पुरता लकवा पण असतो, मणक्यातून किंवा मोठ्या डोसमध्ये दिल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत येतो आणि बहुतेकदा उतरतो. वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या संथ प्रकारात रक्तच दाट होतं, नाकातून रक्त येतं, अंधुक दिसतं, डोकं जड राहतं, तिथं मशीनवर प्लाझ्मा बदलतात.

आता नागीण. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडं हा विषय दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. केमोनं प्रतिकारशक्ती उतरली की लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू, जो मज्जातंतूत झोपलेला असतो, तो नागीण होऊन उठतो. मग गेरू लावतात, मंत्र टाकून उतरवणाऱ्याकडं नेतात, आणि सगळ्या घराचं लक्ष एकाच गोष्टीकडं की "विळखा पुरा होऊ नये." विळख्याची भीती बाळगायची गरज नाही, बघायचं ते हे की नागीण कपाळावर, डोळ्याभोवती आलीय का. तिथून हा विषाणू मज्जातंतूमार्गे मेंदूच्या धमन्यांपर्यंत जाऊ शकतो, धमनीच्या भिंतीत सूज येते, आणि फोड वाळून खपल्या पडून गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, लकवा येतो. तोवर नागीण कुणाच्या लक्षातही नसते! म्हणून लकवा आलेल्या लिम्फोमा पेशंटच्या कपाळावर जुने डाग असतील तर न्यूरोच्या डॉक्टरला बोट लावून दाखवा. पाठीच्या पाण्यात (मणक्यातून सुईनं काढतात ते, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी) या विषाणूच्या अँटिबॉडी तपासता येतात आणि अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून देतात, ते चालू असताना सलाईन आणि किडनीकडं लक्ष लागतं. आणि नागीण नुकतीच उठलेली असेल तर गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या, केमोच्या पेशंटनं तर तेवढा वेळही घालवू नये, त्याच दिवशी फोन करावा.

हॉजकिन लिम्फोमात क्वचित मेंदूच्या बारीक धमन्यांना सूज येते, त्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. कधी लिम्फोमा आधी कळतो, कधी दोन्ही सोबतच सापडतात. डोकेदुखी, विसरभोळेपणा, स्वभाव बदलणं, मध्येच छोटे-छोटे लकवे. वाहिन्या इतक्या बारीक असतात की अँजिओग्राफी साफ नॉर्मल येऊ शकते.

आणि शेवटचा, सगळ्यात फसवा: इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. १९५९ मध्ये पहिल्यांदा याचं वर्णन झालं आणि पुढं कितीतरी वर्षं बऱ्याच पेशंटचं निदान पोस्टमॉर्टेमलाच व्हायचं. कारण गाठ नाही! मान चाचपली, काख चाचपली, पोटाचा सीटी केला, काही नाही. पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या पोकळीतच अडकून वाढतात. ठिबकच्या नळीत क्षार साचून एकेक ड्रिपर बंद पडत जावा आणि वरून नळी मात्र ठणठणीत दिसावी, तसं. मेंदूत जिथं जिथं वाहिनी तुंबेल तिथं तिथं छोटा झटका. हा बहुतेक साठीच्या पुढं होतो, त्यामुळे "वयच झालंय, बीपी-शुगर आहे, आला लकवा" इथंच गोष्ट थांबते.

तिसरं काम: या खुणा जुळतात का ते एका कागदावर मांडा

साधा लकवा सहसा एकदा येतो, मग हळूहळू सुधारतो. खालचं जमलं तर मात्र साधा समजून घरी बसू नका: अ‍ॅस्पिरिन-बिस्पिरिन नीट चालू असूनही काही आठवड्यांत परत-परत झटके आणि दर वेळी वेगळ्या जागी, कधी डावा हात, कधी बोलणं, कधी चालताना तोल. सोबत कारण न सापडणारा ताप. दोन-तीन महिन्यांत उतरलेली स्मरणशक्ती, शेतातला हिशोब तोंडपाठ असणारा माणूस स्वतःच्या घराची वाट चुकायला लागणं. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरलेल्या, ईएसआर (शरीरात कुठंतरी सूज आहे हे सांगणारी रक्ततपासणी) चढलेला, छाती साफ असून ऑक्सिजन कमी. आणि एलडीएच.

एलडीएच ही साधी रक्ततपासणी आहे, जिल्ह्याच्या कुठल्याही बऱ्या लॅबला होते. प्रत्येक लॅबची रेंज वेगळी, ती रिपोर्टवर बाजूला छापलेली असते, तिच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसला तर अधोरेखित करून डॉक्टरपुढं ठेवा. एलडीएच दुसऱ्या अनेक कारणांनी वाढतं, पण परत-परत लकवा, ताप आणि भरमसाठ एलडीएच हे तिघं एकत्र दिसले तर "सर, रक्तवाहिनीच्या आतला लिम्फोमा असू शकतो का" हे विचारायला लाजू नका. डॉक्टर चिडले तर चिडले.

टीबीचं वेगळं सांगतो. आपल्याकडं ताप आणि गाठ म्हणलं की टीबी, आणि बऱ्याचदा तो असतोही. टीबीच्या मेंदूज्वरात पण धमन्यांना सूज येऊन लकवा येतो, त्यामुळे डॉक्टरांना टीबीची शंका येणं बरोबरच आहे. फक्त पुरावा न घेता नुसत्या अंदाजावर औषधं चालू झाली असतील आणि पेशंट खालीच चालला असेल तर पाठीच्या पाण्याचं सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची तपासणी) झालं का, गाठीचा तुकडा काढला का हे विचारा.

चौथं काम: तपासण्या, आणि स्टेरॉइडच्या आधी तुकडा

हा सगळ्या लेखातला मुख्य मुद्दा. डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड दिली की लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, वाहिनीची सूजही उतरते, पेशंट दोन दिवसांत उठून बसतो, घरात आनंद. आणि नंतर काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. महिन्याभरात आजार परत येतो, या वेळी जोरात. म्हणून जीवावर बेतलेलं नसेल तर "स्टेरॉइड सुरू करायच्या आधी बायोप्सी करता येईल का" एवढं एक वाक्य विचाराच. मेंदूला फार सूज असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये. गावाकडच्या मेडिकलवरून ताकदीची गोळी, अंगदुखीची पुडी घेतली असेल तर ती दाखवा, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं. आधीपासून चालू असलेलं स्टेरॉइड मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानं वेगळंच संकट येतं.

एमआरआय करताना कॉन्ट्रास्टसह, डिफ्युजनसह आणि वाहिन्यांच्या स्कॅनसह एकदाच होऊ द्या, नाहीतर तीन वेळा पैसे आणि तीन वेळा गाडीभाडं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी काढून न्या. फिल्मसोबत सीडी मागून घ्याच, मोठ्या हॉस्पिटलात फिल्म खिडकीपुढं धरून कुणी बघत नाही.

पाठीचं पाणी काढण्याबद्दल "त्यानं कायमचा लकवा होतो" ही भीती गावोगाव आहे. नाही होत. आधी प्लेटलेट आणि स्कॅन बघतात, सुई मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली घालतात. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, ते उतरतं. पाण्यात पेशी, प्रोटीन, साखर, टीबी, विषाणू आणि कॅन्सरच्या पेशी असं सगळं बघायचं असतं. वाहिनीच्या आतल्या लिम्फोमात मात्र पेशी वाहिनीच्या आतच असल्यानं पाण्यात त्या बहुतेकदा सापडत नाहीत, म्हणून पाणी नॉर्मल म्हणजे आजार नाही असं धरू नका.

मग तुकडा कुठून घ्यायचा? इथं गंमत आहे: चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून. मांडी, पोट, दंड अशा दोन-तीन ठिकाणी, भूल देऊन. नातेवाईक म्हणतात दुखणं डोक्यात आणि कापतात मांडीला, पण वाहिनीत अडकलेल्या या पेशी कातडीखालच्या चरबीतल्या बारीक वाहिन्यांतही सापडतात, कातडी वरून स्वच्छ असली तरी. फक्त तुकडा चरबीपर्यंत खोल हवा. वरवरचा छोटा पंच घेतला की रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पेशी खाली तशाच राहतात. अंगावर म्हातारपणी येतात ते लालबुंद बारीक तीळ असतील तर त्यातला एखादाही काढून तपासतात. सोबत बोन मॅरो आणि पेट स्कॅन. हे सगळं कोरं निघालं तरच मेंदूची बायोप्सी, आणि हॉजकिनच्या व्हॅस्क्युलायटिसची खात्री करायचा सगळ्यात पक्का मार्ग पण तोच आहे, म्हणून डॉक्टरांनी तिचं नाव काढलं की पळ काढू नका, धोका किती आणि फायदा किती ते बसून विचारा.

तुकडा तुमच्याच हातात देऊन लॅबला पाठवला तर बाटलीत फॉर्मलिन (तुकडा सडू न देणारं द्रव) आहे का ते विचारा, बाटलीवर नाव, जागा, तारीख लिहून घ्या. उन्हाळ्यात मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवून तीन गावं फिरवू नका.

पाचवं काम: उपचार सुरू झाल्यावर

वाहिनीच्या आतल्या लिम्फोमाला आर-चॉप नावाची नेहमीचीच केमो आणि मेंदूपर्यंत पोचावं म्हणून मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस. जपानमध्ये अशाच उपचारावरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पेशंट थोडे होते, आणि निदानावेळी मेंदूत आजार दिसत नसलेलेच घेतले होते, पण दोन वर्षांनंतर साधारण चारातल्या तिघांचा आजार आटोक्यात होता. एकेकाळी पोस्टमॉर्टेमला कळणाऱ्या आजारासाठी हे लई मोठं आहे. आर-चॉपमधल्या 'आर'चं, म्हणजे रिटक्सिमॅबचं, भारतीय बनावटीचं औषध २००७ पासून मिळतंय, त्यामुळं खर्च पूर्वीइतका नाही. ते चालू करायच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालेली हवी, झाली का ते विचारा.

मेथोट्रेक्सेटच्या दिवसांत लघवी किती झाली ते मापून लिहा, आणि अंगदुखीच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या न विचारता देऊ नका, औषध शरीरात साठून राहतं आणि किडनी जाते. हॉजकिनच्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये स्टेरॉइड, कधी सायक्लोफॉस्फामाइड, आणि मुळात हॉजकिनचा उपचार. मूळ आजार दबला की वाहिन्याही शांत होतात.

सहावं काम: कागद, योजना आणि कुठं जायचं

दोन फाईलींची एक फाईल करा. सगळ्यात वर एक पान: आजार कधी कळला, केमोच्या तारखा, प्रत्येक झटक्याची तारीख आणि काय झालं, एलडीएचचे आकडे तारखेप्रमाणे, चालू औषधं. मागं बायोप्सीचा रिपोर्ट, सीडी. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड लॅबकडून मागून घेता येतात, पुढच्या हॉस्पिटलात तेच परत तपासतात, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.

संभाजीनगरला घाटी (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही शहरातच असल्यानं न्यूरो आणि कॅन्सर दोघांचं मत एकाच फेरीत घेता येतं. लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सुरुवातीचा स्कॅन, पाठीचं पाणी, कातडीचा तुकडा इथपर्यंतचं काम होऊ शकतं का ते आधी विचारा, उगाच पहिल्याच दिवशी मुंबई गाठू नका. धाराशिव-बीडची बरीच माणसं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातात, नांदेडकडची हैदराबादला. परळच्या टाटाला जायचं ठरलं तर ब्लॉक सोबत घेऊनच देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसा, ब्लॉक राहिला म्हणून परत आलेली माणसं लई बघितलीत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, लकवा आल्यावर तहसीलच्या चकरा मारायला कुणालाच वेळ नसतो. हॉस्पिटलातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला हेही विचारा की केमो आणि लकव्याचं अ‍ॅडमिशन ही दोन वेगळी पॅकेज म्हणून बसतात का. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज असतो, त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

घरी आल्यावर

बीपी रोज एकाच वेळी. ताप १००.४ च्या वर गेला तर केमोच्या पेशंटला घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून, "अंगात ताकद आल्यावर करू" म्हणलं की सांधे आखडतात. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते, ती जिवंत विषाणूची नाही, दोन डोस असतात, महाग आहे, पण केमोच्या वेळापत्रकात कधी बसते ते कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि ज्यांना हॉजकिनसाठी मानेला किंवा छातीला शेक (रेडिएशन) दिला होता त्यांच्या मानेच्या धमन्या दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा अरुंद होऊ शकतात, पेशंट बरा होऊन संसाराला लागलेला असतो, जुनी फाईल माळ्यावर गेलेली असते. ती खाली काढून फॅमिली डॉक्टरला दाखवा, मानेच्या धमन्यांचा डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) कधी करायचा ते विचारा, तंबाखू-गुटखा बंद आणि कोलेस्टेरॉलची तपासणी वर्षातून एकदा.